द्राक्षबागेच्या डब्यातली डिस्क

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, बाबांजवळ तर नाहीच. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून कदाचित जमेल. समोर माणूस असला की माझी वाक्यं घशातच मोडतात — लहानपणापासून. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, तिथे न बोलणाऱ्या मुलीला शहाणी समजायचे, त्यामुळे ते खपून गेलं. मराठी लिहायला मला वेळ लागतो. तरी हे मराठीतच लिहितेय. इंग्रजीत ‘सॉरी’ फार पटकन येतं, आणि ते एकदा आलं की पुढचं सांगायचं राहून जातं.

कुठून सुरू करू? डिस्कपासून करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

माझ्या बाबांचा लग्नामुंजींच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा. नाशिकला सिडकोत आमचं घर, खाली दुकान, वर गच्चीत पत्र्याची एक खोली. मी शाळेत होते तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाची सीडी निघायची, पुढे डीव्हीडी आली, मग लोक पेनड्राइव्ह मागायला लागले आणि दांड्यावर ओवलेल्या कोऱ्या डिस्कचे गोल डबे आमच्याकडे पडून राहिले. बाबांनी एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात उचललेला बराचसा माल तर त्या पत्र्याच्या खोलीतच होता. तिथे उन्हाळ्यात पाय ठेववत नाही.

लोकांना वाटतं, कोरी आहे म्हणजे नवी आहे. तसं नसतं. कोऱ्या डिस्कलाही वय असतं. तिच्या आत रंगाचा एक पातळ थर असतो, लेझर त्याच्यावरच लिहितो, आणि तुम्ही काही लिहा न लिहा, तो थर उतरत जातो. उष्णतेने जास्तच. पण यातली फसवी गोष्ट वेगळीच आहे — अशा जुन्या डिस्कवर काही भरलं, तर पहिल्या दिवशी ती चालते. कॉम्प्युटर तपासून ‘ओके’ म्हणतो. एकदोन उन्हाळे गेले की चित्र अडकायला लागतं, हिरवे चौकोन उमटतात, आणि मग एक दिवस ती प्लेअरमध्ये नुसती फिरत राहते.

बाबांना हे अनुभवाने कळलं होतं. म्हणून त्यांनी चांगल्या कंपनीच्या थोड्या डिस्क खाली टेबलाच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. वरचा माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, असं मला आणि आईला बजावून ठेवलं होतं. तो दौलतकाकांसाठी होता. दौलतकाका वणीकडचे, बाबांचे जुने मित्र, त्यांची द्राक्षबाग आहे. द्राक्षात गोडी भरायला लागली की पाखरं येतात, म्हणून ते डिस्क दोऱ्याला बांधून वेलींवर टांगायचे.

“पाखरं लय भितात का रे ह्या चकत्यांना?” बाबांनी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं होतं.

“भितात की. आठ दिस,” दौलतकाका म्हणाले. “मंग त्यातच तोंड बघत बसतात.”

आमच्या घरात त्या डब्याला ‘बागेचा डबा’ असंच नाव पडलं होतं. हे एवढं का सांगतेय? कारण पुढे तुम्हाला वाटेल की चूक झाली असेल. चूक नाही झाली. कुठला डबा कशाचा, हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

आता तन्वी.

तन्वी माझी शाळेपासूनची मैत्रीण. एकुलती एक म्हणावी अशी — तिच्या आईवडिलांना नव्हे, मला. ती खूप बोलायची, मी ऐकायचे, आणि त्यात आम्हा दोघींचं भागायचं. तिच्या आईला मी काकू म्हणायचे. काकू मला कधीच ‘बोल की गं’ म्हणाल्या नाहीत. ही किती मोठी गोष्ट आहे ते न बोलणाऱ्या माणसालाच कळेल. त्या शेंगा सोलत असल्या तर अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवायच्या, आणि आम्ही दोघी गप्प बसून सोलायचो.

आमचं कॉलेज संपल्यावर थोड्याच दिवसांत काकू गेल्या. आजार कळेपर्यंत वेळ निघून गेली होती. आणि मग काकांच्या — म्हणजे तन्वीच्या वडिलांच्या — लक्षात आलं की त्यांच्याकडे काकूंचा आवाजच नाही. फोटो होते. पण कॅमेरा चालू झाला की काकू पदराने तोंड झाकून बाजूला व्हायच्या. सगळ्या घरात मिळून एकच जागा होती जिथे त्या बोलल्या होत्या: इंदिरानगरच्या घराच्या वास्तुशांतीची सीडी. ते शूटिंग माझ्या बाबांनीच केलेलं. तन्वी तेव्हा परकर-पोलक्यातली.

आणि ती सीडी चालत नव्हती. त्याला कारण बाबाच. नवी वस्तू हातात द्यायची तर हळदकुंकू लावूनच, असा त्यांचा नेम होता. ते कालवलेलं कुंकू बोटाने थेट सीडीवर लावून ती गिऱ्हाइकाला द्यायचे. लोकांनाही ते आवडायचं. सीडीची नाजूक बाजू खालची चकचकीत नसते, वरची असते — वरचा लेप अगदी कागदासारखा असतो — हे कोणाला माहीत? इतक्या वर्षांत ते ओलं कुंकू आत झिरपलं होतं. वरून बघितलं तर एक तपकिरी डाग, आणि उजेडापुढे धरलं तर तिथून आरपार दिसायचं. बाबांच्या टेपाही नव्हत्या. त्या काळी टेपा पुसून परत वापरायचे.

तन्वी ती सीडी घेऊन माझ्याकडे आली. “तूच करू शकतेस,” म्हणाली. मी कॉम्प्युटर शिकले होते. आणि मी केलं, मनापासून केलं. वेगवेगळे ड्राइव्ह लावून, वेग अगदी कमी करून, डागाजवळचा भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावून. दुपारी दुकानात कोणी नसायचं तेव्हा मी बसायचे. थोडं थोडं करत सगळं आलं. शेवटी त्या सीडीचा लेप पापुद्र्यासारखा निघाला आणि ती कायमची गेली, पण तोवर फाइल माझ्याकडे होती. नव्या घराची शेगडी, तिच्यावर दूध उतू घालवायला ठेवलेलं पातेलं, आणि हिरव्या साडीतल्या काकू. त्या बाबांना म्हणतात, “अहो, माझ्यावरून काढा तो कॅमेरा, दुधाकडे धरा.” मग, “तन्वी, मागं हो, भाजशील.” मग दाराकडे बघत, “हे कुठे राहिले? बोलवा कोणीतरी, नाहीतर म्हणतील मला दाखवलंच नाही.” आणि दूध वर आल्यावर हसून, “गेलं बाई एकदाचं उतू.” बस. एवढंच. हे मी इतक्या वेळा ऐकलं की त्यांचा कुठल्या शब्दावर श्वास अडतो तेही मला पाठ झालं.

फाइल पूर्ण झाली, नव्या डिस्कवर भरायची तेवढी राहिली. आणि त्याच आठवड्यात ते झालं.

ते सांगायला मला अजून जड जातं — त्यात माझा दोष नाही तरी. का जड जातं, मला माहीत नाही.

त्याआधी मला बघायला नाशिकरोडहून एक कुटुंब आलं होतं. पोहे, चहा, चार प्रश्न. नंतर निरोप आला, मुलगी चांगली आहे पण बोलतच नाही. मुकी तर नाही ना, असंही मध्यस्थ बाईंना विचारलं म्हणे. मला त्या मुलाचं काही नव्हतं. पण ते ‘मुकी’ माझ्यात जाऊन बसलं. मी तन्वीला व्हॉइस मेसेज पाठवला. खूप लांब. मी आयुष्यात कोणाशी इतकं सलग बोलले नव्हते — रडत, हुंदके देत, नाक ओढत, ‘मुकी नाहीये मी’ असं परत परत म्हणत. तिने उत्तर पाठवलं की मी सगळं ऐकलंय, तू माझी आहेस. मी ते जपून ठेवलं होतं.

मग शाळेतल्या आम्ही पाचसहा जणी कॉलेज रोडवर एका कॅफेत जमलो. मी नेहमीसारखी ऐकत बसले होते. पूजा नावाची आमची एक वर्गमैत्रीण, तिने मला विचारलं, “तू काय घेणार? सांग ना.” मी मेनू बघत होते. आणि ती हसत, नाक ओढत म्हणाली, “मुकी नाहीये मी.”

तोच सूर. तोच हुंदका, मधोमध.

दोघी-तिघी हसल्या आणि एकदम थांबल्या. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. मी तन्वीकडे पाहिलं. तिने फोन उचलला आणि काहीतरी वाचायला लागली. मी कोल्ड कॉफी मागवली. पूर्ण प्यायले. सगळ्यांना बाय केलं. तन्वीला मी त्या दिवशी काही विचारलं नाही, त्यानंतरही नाही. तिनेही विषय काढला नाही. मला कळलंय हे तिला कळलं का? असं वाटतं, तिने ठरवून टाकलं की मला कळलं नाही. मी गप्प असल्याचा सगळ्यांना नेहमी उपयोग होतो.

कोणी म्हणेल, एवढंसंच तर होतं. चार मैत्रिणींनी एक मेसेज ऐकला. हो. पण माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं, आणि ते मी एकाच माणसाला दिलं होतं.

आता — ते.

बाबा मनमाडला एका हळदीच्या शूटिंगला गेले होते. दुपार होती. संध्याकाळी तन्वी डिस्क घ्यायला येणार होती. मी खण उघडला. चांगल्या डिस्क कागदात गुंडाळलेल्या समोर होत्या. मी त्यांना हात लावला. मग खण बंद केला, जिना चढून गच्चीत गेले, पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं आणि बागेच्या डब्यातली एक डिस्क काढली. सगळ्यात खालची — जिचा रंग सगळ्यात फिका होता.

हे रागाच्या भरात झालं असं मला म्हणता येत नाही. जिना आहे मधे. चढताना विचार करायला वेळ असतो, उतरतानाही. मला नीट माहीत होतं मी काय करतेय. ती आज चालेल, पुढच्या वर्षी बहुतेक चालेल, आणि मग कधीतरी चालणार नाही, आणि तेव्हा कोणीही म्हणणार नाही की हे कोणी केलं. डिस्क खराब होतात. सगळ्यांना माहीत आहे, डिस्क खराब होतात.

मी भरली. कॉम्प्युटरने तपासली, ‘ओके’ म्हणाला. मी तिच्यावर मार्करने सुंदर अक्षरात ‘वास्तुशांत’ लिहिलं. तन्वी आली, आम्ही दोघींनी थोडंसं लावून पाहिलं, आणि ती माझ्या गळ्यात पडून रडली. “पेनड्राइव्हवर पण दे ना,” म्हणाली. “पेनड्राइव्ह हरवतात गं,” मी म्हटलं. “डिस्क टिकते.” तिच्या लॅपटॉपला डिस्कची खाचच नव्हती, आणि काकांना तर टीव्हीखालच्या प्लेअरवर लावता येईल असंच हवं होतं. “तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवशील ना पण?” तिने जाताना विचारलं. मी मान हलवली. ती गेल्यावर मी फाइल पुसली.

तुम्हाला खरं सांगते, ती रडत होती तेव्हा मला बरं वाटत होतं. तिला माहीत नसलेलं काहीतरी पहिल्यांदाच मला माहीत होतं.

राग किती दिवस टिकला? फार नाही. पण याहून वाईट पुढे आहे. काकूंच्या पहिल्या तिथीला जेवणं झाल्यावर काकांनी डिस्क लावली — एरवी ती झिजेल म्हणून कपाटात जपून ठेवायचे — आणि मी तिथे होते. चालली. सगळे रडले, हसले. दुसऱ्या वर्षी दुधाच्या पातेल्यापाशी चित्र एकदा अडकलं आणि पुढे गेलं. काका म्हणाले, “धूळ असेल.” रुमालाने पुसून परत ठेवली. त्या दिवशी — निदान त्या दिवशी तरी — डिस्क जिवंत होती. मी फक्त म्हणायचं होतं, द्या काका, दुसरी कॉपी काढून देते. एवढंसं वाक्य. पण का, असं कोणी विचारलं असतं तर? मी पानात वाढलेली खीर खात राहिले. त्यानंतर अख्खं वर्ष होतं. तन्वी पुण्याला नोकरीला होती, माझ्या वाढदिवसाला न चुकता फोन करायची. प्रत्येक फोनवर ते वाक्य माझ्या तोंडाशी होतं. मला कोणीतरी फसवलं होतं, आणि मी ते इतकं घट्ट धरून बसले होते की सोडलं तर माझ्या हातात काय उरेल, असं वाटायचं.

तिसऱ्या तिथीला डिस्क नुसती फिरत राहिली.

काका आणि तन्वी ती घेऊन दुकानात आले. बाबांनी ती हातात घेतली, उलटी केली, उजेडात तिरकी धरली. बाबांना डिस्कची खालची छटा बघून कळतं ती कुठल्या मालातली आहे. ते माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, “माझी चूक आहे साहेब. जुना माल गेला तुमच्याकडे. आमच्या दुकानातून असं जायला नको होतं.” आणि त्यांनी हात जोडले. माझ्या बाबांनी. काका घाईघाईने त्यांचे हात खाली करत म्हणाले, “अहो, तुम्ही काय करणार त्याला.” तन्वीने मला जवळ घेतलं. “तू रडू नकोस ना. तू किती मेहनत घेतली होतीस. डिस्कच त्या.”

मी रडतही नव्हते.

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, “डबा चुकला का गं तुझा?”

“हो बाबा,” मी म्हटलं. “चुकला.”

“होतं असं,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची खोली रिकामी केली आणि सगळे डबे वणीला पाठवून दिले, पुन्हा कोणाची चूक होऊ नये म्हणून. अजूनही कोणी जुन्या कामाचं कौतुक केलं की ते मधेच सांगतात, एका माणसाचं मात्र माझ्या हातून फार नुकसान झालं. मी शेजारी असते. एडिटिंग करत असते.

त्यानंतर काही दिवसांनी काकांचा फोन आला. मला फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, हे त्यांना माहीत आहे, म्हणून आधी मेसेज करून विचारलं त्यांनी. म्हणाले, “आम्ही दोनदाच पाहिलं, तेही रडण्यात. तू ते खूप वेळा ऐकलं होतंस ना? सांगतेस का, काय काय म्हणाली होती? मी तेव्हा बाहेर गुरुजींशी बोलत होतो. आत आलो तोवर दूध उतू गेलं होतं.” मी सांगितलं. नुसतं सांगून भागेना, ते म्हणाले, “ती कसं म्हणाली?” मग मी काकूंसारखं म्हटलं. श्वास जिथे अडायचा तिथे अडवून. “परत एकदा म्हण,” काका म्हणाले.

आता दर तिथीला ते फोन करतात. मी दार लावून घेते आणि म्हणते. माझ्याशी इतक्या ओढीने बोलणारं दुसरं कोणी नाही. प्रत्येक वेळी शेवटी ते विचारतात, “अजून काही म्हणाली होती का गं?” आणि मी म्हणते, नाही काका, एवढंच.

गेल्या वर्षी मी ‘एवढंच’ म्हणाले नाही. का, ते मला सांगता येत नाही. ते थांबले होते, आणि माझ्या तोंडून काकूंच्या सुरात निघालं, “या, तुमच्याशिवाय कशाला उतू जातंय ते.”

काका एकदम हसले. “असंच बोलायची,” ते म्हणाले. “अगदी असंच बोलायची.”

काकू तसं बोलल्या नव्हत्या. ते वाक्य माझं आहे. ताडून बघायला आता काहीही उरलेलं नाही. काकांनी ते नातेवाइकांना सांगितलं, घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात. तन्वीने मागच्या महिन्यात काकूंच्या फोटोला नवी चौकट करून घेतली आणि खाली पितळी पट्टीवर तेच वाक्य कोरून घेतलं. तिने मला फोटो पाठवला. लिहिलं होतं, “बघ, आईचा आवाज. तुझ्यामुळे.”

मी फोटो मोठा करून ते वाक्य वाचलं. मग तिला लिहिलं, छान झालंय.